आधी वर्गणी, मग चर्च : फिलाडेल्फियातील एका मंडळीचा इतिहास

धर्माची परीक्षा पंडितांनी नेहमी ग्रंथांवरून केली. ईश्वर आहे की नाही, आत्मा अमर की नाशवंत, मोक्षाचा मार्ग कोणता, या प्रश्नांवर पोथ्यांचे ढीग रचले गेले. परंतु ज्यांना शतकानुशतके ग्रंथाला हात लावू दिला नाही, त्यांच्याजवळ धर्म पारखण्याची आणखी एक कसोटी असते. ती अगदी साधी आहे. माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे त्याच्या धर्माची माणसे त्याच्या दाराशी येतात काय? तो मेला तर त्याला खांदा कोण देतो? त्याच्या विधवेच्या चुलीचे काय होते, त्याची पोरे शाळेत राहतात की कामाला लागतात? या प्रश्नांना ज्या धर्मसमुदायाजवळ उत्तर नाही, त्याचे तत्त्वज्ञान कितीही उंच असले तरी ते आपल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेले नसते.

ही कसोटी मनात ठेवून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एका मंडळीचा इतिहास येथे मांडायचा आहे. अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती तेथील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांच्या वतीने गेलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. मात्र या नात्यात आपल्यापर्यंत पोहोचला तो प्रामुख्याने त्यांचा विद्रोह, त्यांची कविता, त्यांची घोषणा. त्या विद्रोहाच्या पायाखाली पावणेदोनशे वर्षांची जी बांधणी होती, तिच्याकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. ती बांधणी महिना एक शिलिंग वर्गणीने सुरू झाली होती.

१

पेनसिल्व्हेनिया राज्याने १७८० साली गुलामगिरी क्रमाक्रमाने संपविण्याचा कायदा केला. त्यातील 'क्रमाक्रमाने' हा शब्द महत्त्वाचा आहे. १ मार्च १७८० नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेले मूल वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मुक्त होणार होते. त्या दिवसापूर्वी जन्मलेल्या नोंदणीकृत गुलामांना कायद्याने सुटका दिली नाही. मालकाने सोडले किंवा स्वतःची किंमत स्वतः मोजली, तरच सुटका. असे सुटलेले स्त्री-पुरुष फिलाडेल्फिया शहरात गोळा होऊ लागले. त्यांच्याजवळ जमीन नव्हती, भांडवल नव्हते. अनेकांचे आईबाप, भावंडे वेगवेगळ्या मालकांना विकली गेलेली होती. आजारपणात ज्या नातेवाइकांचा आधार माणूस गृहीत धरतो, ते नातेवाईकच त्यांना उरले नव्हते. ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही.

त्या शहरात दोन माणसे भेटली. रिचर्ड ॲलन हा १७६० साली गुलाम म्हणून जन्मला. डेलावेअरमधील मालकाकडे असताना तो मेथॉडिस्ट झाला आणि लाकडे फोडून, वीटभट्टीवर राबून, मिठाची गाडी हाकून त्याने स्वतःच्या सुटकेची रक्कम जमविली. ॲबसॅलम जोन्स हा त्याच्याहून वयाने बराच मोठा, जन्म १७४६ चा. तो सोळा वर्षांचा असताना त्याच्या मालकाने त्याची आई व भावंडे विकून टाकली आणि त्याला एकट्याला फिलाडेल्फियात आणून दुकानात कामाला लावले. पुढे त्याने लग्न केले. पैसे साठवून त्याने प्रथम बायकोची सुटका विकत घेतली, स्वतःची नंतर. यात केवळ प्रेम नव्हते, कायद्याचे अचूक ज्ञानही होते : मूल आईच्या दर्जाने जन्मत असे. आई मुक्त, तर मूल मुक्त. स्वतः जोन्स मुक्त झाला तो १७८४ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

२

१२ एप्रिल १७८७ रोजी या दोघांनी काही सोबत्यांसह 'फ्री आफ्रिकन सोसायटी' स्थापन केली. आधी एखादी धर्मसंस्थाच काढावी असा त्यांचा विचार होता. पण ज्यांना एकत्र आणायचे ते वेगवेगळ्या पंथांचे होते. तेव्हा त्यांनी पंथाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि ज्यावर सर्वांचे एकमत होऊ शकेल अशा कामावर संस्था उभी केली : आजारपणात एकमेकांना आधार देणे, आणि विधवा व पोरक्या मुलांचा सांभाळ करणे.

तिचे नियम वाचण्याजोगे आहेत. प्रत्येक सभासदाने दरमहा एक शिलिंग चांदीच्या नाण्यात द्यावा. वर्षभर वर्गणी भरल्यानंतर त्याच्यावर प्रसंग आला तर त्याला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळावेत. तीन महिने वर्गणी थकली तर दोन सभासदांनी जाऊन त्याला कळवावे, आणि सबळ कारण नसतानाही त्याने पुढच्या बैठकीत बाकी भरली नाही तर त्याचे नाव कमी करावे. सभासद मेला तर त्याच्या विधवेला ती विधवा असेपर्यंत संस्थेचा लाभ मिळावा. मुलांना मोफत शाळेत जागा मिळाली नाही तर त्यांच्या शिक्षणाचा खर्च संस्थेने करावा, आणि पुढे त्यांना योग्य अशा धंद्यात उमेदवार म्हणून लावून द्यावे.

यातला हिशेब पाहू. वर्षाची वर्गणी बारा शिलिंग. आजारी पडलेला माणूस सव्वातीन आठवड्यांत ती सारी रक्कम परत घेऊन जाई. म्हणजे एकाच्या अंथरुणामागे अनेकांचे धडधाकट हात सतत कामावर असणे आवश्यक होते. हे हात चिमण्या साफ करणाऱ्यांचे, ओझी वाहणाऱ्यांचे, धुणी धुणाऱ्यांचे होते. दात्याने वरून टाकलेली भिक्षा आणि गरिबाने गरिबासाठी बाजूला काढलेला शिलिंग यांत मूलभूत फरक आहे. भिक्षा घेणारा मान खाली घालतो. येथे घेणारा माणूस हक्काने घेत होता. कारण काल त्याने दिलेले होते आणि उद्या पुन्हा द्यायचे होते. गुलामाला आयुष्यभर सांगितले गेले होते की तो दुसऱ्याच्या मालकीचा आहे. आपण एकमेकांचे देणे लागतो, हे त्याने या वहीत पहिल्यांदा लिहिले.

या संस्थेच्या मर्यादाही झाकून ठेवता कामा नयेत. दारूबाजाला तिच्यात प्रवेश नव्हता. स्वतःच्या गैरवर्तनाने ओढवलेल्या विपत्तीत मदत नव्हती. शिस्तीशिवाय संघटना टिकत नाही हे खरे. पण गोऱ्या समाजाने लादलेल्या बदनामीची भीतीही या नियमांतून डोकावते. दुसरे असे की, चिटणीस व खजिनदार म्हणून क्वेकर पंथाचा एक गोरा गृहस्थ नेमावा असे नियमांतच लिहिलेले होते. क्वेकर गुलामगिरीचे विरोधक होते, त्यांची मदत मोलाची होती. तरीही पैशाची पेटी अजून परक्या हाती होती. पुढे संस्थेच्या बैठका क्वेकरांच्या धर्तीवर मौनाने सुरू होऊ लागल्या. गात-रडत प्रार्थना करणाऱ्या मेथॉडिस्ट ॲलनला हे मानवले नाही आणि १७८९ साली तो संस्थेतून बाहेर पडला. जोन्सशी असलेली त्याची मैत्री मात्र तुटली नाही. मतभेद होऊनही कामात एकत्र राहता येते, याचे हे उदाहरण आपल्या चळवळीने आवर्जून पाहावे.

३

वर्गणीने जोडलेल्या या लोकांना चर्चची गरज का पडली? कारण गोऱ्यांच्या चर्चमध्ये त्यांना जागा होती ती भिंतीकडेला. सेंट जॉर्ज चर्चमध्ये ॲलन पहाटे पाच वाजता प्रवचन देत असे. त्याच्यामुळे काळ्यांची उपस्थिती वाढली, तशी गोऱ्यांची अस्वस्थताही वाढली. चर्चला सज्जा बांधायचा ठरला, तेव्हा काळ्यांनी त्याला पैसा दिला, श्रम दिले. काम पुरे झाल्यावर त्यांना त्याच सज्ज्यात वर बसण्याची आज्ञा झाली. एका रविवारी प्रार्थना चालू असताना गुडघे टेकून बसलेल्या ॲबसॅलम जोन्सला तेथील गोऱ्या विश्वस्ताने धरून उठविण्याचा प्रयत्न केला. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढीच जोन्सची विनंती होती. ती मानली गेली नाही. प्रार्थना संपताच सारे काळे उपासक एकजुटीने बाहेर पडले आणि त्या चर्चला पुन्हा त्यांचा उपद्रव झाला नाही, असे ॲलनने पुढे खोचकपणे नोंदविले. ही घटना ॲलनच्या आठवणीप्रमाणे १७८७ ची. इतिहाससंशोधक सज्ज्याच्या बांधकामावरून ती १७९२ च्या सुमाराची मानतात.

ज्याने देवळासाठी दगड वाहिला त्यालाच पायरीवर अडवायचे, हा न्याय आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. येथे महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. बाहेर पडणारे लोक रस्त्यावर आले नाहीत, ते आपल्या संस्थेत आले. त्यांची वही होती, बैठका होत्या, एकमेकांच्या घरची माहिती होती. बहिष्काराला उत्तर म्हणून बाहेर पडण्याचे धैर्य, बाहेर आपली माणसे आहेत या खात्रीतून आले. १७९४ च्या जुलैमध्ये दोन चर्च उघडली गेली : जोन्सचे सेंट थॉमस आणि ॲलनचे बेथेल. बेथेलची पहिली इमारत म्हणजे एक जुने लोहारकामाचे छप्पर होते. ते ॲलनने स्वतःच्या घोड्यांकडून ओढून आपल्या जागेवर आणले.

४

या दोन चर्चांची दारे उघडण्यापूर्वी, १७९३ च्या ऑगस्टमध्ये शहरात पीतज्वर शिरला. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या शहरात तीन महिन्यांत जवळजवळ पाच हजार माणसे मेली. हा ताप डासांमुळे पसरतो हे कळायला आणखी शंभरांवर वर्षे लागणार होती. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले. नवऱ्याने बायकोला, मुलाने बापाला टाकून जावे अशी दशा झाली. डॉक्टर बेंजामिन रश यांची समजूत होती की काळ्यांना हा ताप बाधत नाही. त्यांनी काळ्यांना मदतीचे आवाहन केले. जोन्स आणि ॲलन यांनी आपल्या मंडळीशी विचारविनिमय केला आणि घरोघर जायला सुरुवात केली. त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, प्रेते उचलली, थडगी खणविली. त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे रक्त काढण्याचे कामही त्यांनी शिकून घेतले आणि आठशेहून अधिक रोग्यांवर ते केले. तो उपचार अपायकारक होता हे आज आपण जाणतो. त्यांनी मात्र शहरातील नामांकित डॉक्टरचा सल्ला पाळला होता.

डॉक्टरांची समजूत खोटी ठरली. १७९२ साली शहरात सदुसष्ट काळ्या माणसांचे दफन झाले होते, १७९३ साली ती संख्या तीनशे पाचवर गेली.

साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने साथीचा वृत्तांत छापला. त्यात त्याने आरोप केला की काळ्या परिचारकांनी अडलेल्यांकडून अवाच्या सवा पैसे उकळले, चोऱ्या केल्या. जोन्स आणि ॲलन यांची मात्र त्याने नावे घेऊन स्तुती केली. केरी स्वतः साथीच्या काळात काही दिवस शहराबाहेर होता.

जानेवारी १७९४ मध्ये या दोघांनी पुस्तिका लिहून उत्तर दिले. ते उत्तर आजही शिकण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, त्यांनी स्वतःची स्तुती नाकारली. दोघांनाच चांगले म्हटले की उरलेले सारे आपोआप नीच ठरतात, हे त्यांनी ओळखले. 'तुम्ही इतरांसारखे नाही' हे वाक्य आपल्यापैकी शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे आणि पुष्कळांना ते गोडही लागले आहे. त्या दोघांना ते विषारी वाटले. दुसरी गोष्ट, त्यांनी अनामिकांची नोंद केली. सेरा बास नावाच्या गरीब विधवेने अनेक कुटुंबांत काम केले आणि मोबदला मागितला नाही. एका वृद्ध स्त्रीने मजुरीबद्दल विचारल्यावर एवढेच मागितले की थंडीच्या एखाद्या दिवशी जेवू घाला. तिसरी गोष्ट, त्यांनी भाव चढण्याचे कारण सांगितले : परिचारकासाठी गोरे लोकच एकमेकांवर चढाओढीने बोली लावत होते.

आणि चौथी गोष्ट म्हणजे हिशेब. दफनासाठी आणि पुरलेल्या बिछान्यांपोटी मिळाले एकूण दोनशे तेहेतीस पौंड दहा शिलिंग चार पेन्स. शवपेट्यांवर खर्च तेहेतीस पौंड. पाच मजुरांची मजुरी, तिघांची सत्तर दिवसांची व दोघांची त्रेसष्ट दिवसांची, रोज साडेबावीस शिलिंगप्रमाणे तीनशे अठ्ठ्याहत्तर पौंड. म्हणजे एकशे सत्याहत्तर पौंड नऊ शिलिंग आठ पेन्स पदरचे गेले. लुबाडल्याचा आरोप असलेल्यांनी आपली तूट पेन्सपर्यंत मांडून दाखविली. सहा वर्षे शिलिंगाशिलिंगाची वही ठेवणाऱ्या मंडळीलाच असे उत्तर देता येते. शहराच्या महापौरांनी त्यांच्या कामाची लेखी पावती दिली.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो टाळता येत नाही. ज्यांनी आपल्याला गुडघ्यांवरून उठविले त्यांच्या आजाऱ्यांची सेवा करून त्यांचे मन बदलते काय? या इतिहासाचे उत्तर नकारार्थी आहे. सेवा करणाऱ्यांच्या वाट्याला आधी मृत्यू आणि मग बदनामी आली. मेलेली ढोरे ओढणाऱ्या, गावाची घाण काढणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही त्या कामाबद्दल माणुसकीची पावती कधी मिळाली नाही. म्हणून माणुसकी सिद्ध करण्यासाठी केलेली सेवा आणि माणुसकीतून केलेली सेवा यांत भेद करावा लागतो. जोन्स आणि ॲलन यांच्या मनात सुरुवातीला दोन्ही हेतू असतील. पुस्तिका लिहिताना ते पुरावा मागणाऱ्यांकडेच हिशेब मागू लागले होते.

५

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. बेथेलच्या मालमत्तेवर गोऱ्या मेथॉडिस्टांनी हक्क सांगितला. खटले झाले. आपलेच चर्च लिलावात दहा हजार डॉलरहून अधिक बोली लावून परत घेण्याची पाळी आली. १८१६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी निरनिराळ्या शहरांतील काळ्यांच्या मंडळ्यांनी एकत्र येऊन 'आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च' हा स्वतंत्र पंथ स्थापन केला. ॲलन त्याचा पहिला बिशप झाला.

परंतु माझ्या मते या मंडळीची सर्वात मोठी कसोटी १८१७ च्या जानेवारीत लागली. मुक्त झालेल्या काळ्यांना आफ्रिकेत नेऊन वसवावे अशी योजना गोऱ्या पुढाऱ्यांनी काढली होती. खुद्द ॲलन आणि शहरातील श्रीमंत काळा व्यापारी जेम्स फोर्टन यांचा तिला काहीसा अनुकूल कल होता. बेथेलमध्ये सुमारे तीन हजार काळे नागरिक जमले. मत विचारले गेले, तेव्हा योजनेच्या बाजूने एकही आवाज उठला नाही. जे अजून बेड्यांत आहेत ते आमच्या रक्ताचे आणि दुःखाचे भागीदार आहेत, त्यांना मागे टाकून आम्ही जाणार नाही, अशा अर्थाचा ठराव झाला. पुढाऱ्यांनी तो मान्य केला.

तीस वर्षांत वर्तुळ कसे विस्तारले हे पाहा. प्रथम वर्गणी भरणारा सभासद, मग तापाने फणफणलेले शहर, आणि शेवटी दक्षिणेच्या मळ्यांत राबणारे लक्षावधी अनोळखी गुलाम. आजाऱ्याच्या उशाशी बसण्याची सवय लागलेल्या समुदायाला, सुटका झालेल्यांनी न सुटलेल्यांचे काय करायचे, हा राजकीय प्रश्नही त्याच रीतीने सोडविता आला.

हा धागा पुढे तुटला नाही. ५ डिसेंबर १९५५ ते २० डिसेंबर १९५६ या काळात माँटगोमेरीच्या काळ्यांनी शहराच्या बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. चर्चांनी मोटारी विकत घेऊन लोकांची ने-आण केली. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीणबाईंनी बायकांना जमवून खाद्यपदार्थ विकले आणि पैसा उभा केला. तो बहिष्कार चालू असतानाच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. आणि ज्या ब्लॅक पँथरचे नाव आपल्या तरुणांनी घेतले, तिचा मुलांना मोफत न्याहारी देण्याचा उपक्रम १९६९ च्या जानेवारीत ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन या एपिस्कोपल चर्चमध्ये सुरू झाला. ॲबसॅलम जोन्स ज्या पंथाचा पाद्री झाला, त्याच पंथाचे ते चर्च होते. आपण वाघाची मूठ पाहिली; त्याच्या दुसऱ्या हातातील ताटली फार थोड्यांनी पाहिली.

६

आपल्याला हे सारे परके आहे असे नाही. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने पीडित असा एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला भगवान बुद्धांना आढळला. तुझी शुश्रूषा का कोणी करीत नाही, असे विचारता तो म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडलो नाही, म्हणून. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. नंतर संघाला बोलावून सांगितले की तुम्हांला आता ना आई ना बाप. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील?

फिलाडेल्फियाच्या नियमावलीपेक्षा हा विचार एक पाऊल पुढे आहे. तेथे वर्षभर भरलेली वर्गणी लागत होती. येथे जो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता त्याचाही हक्क मान्य झाला. पण फिलाडेल्फियाजवळ जे होते ते आपल्याजवळ किती आहे, हेही विचारले पाहिजे. दर महिन्याची बैठक, वही, आणि थकलेल्याच्या घरी जाणारे दोन सभासद.

मुंबईच्या चाळीत गावकऱ्यांची मंडळे होती. कोणी मेले की वर्गणी निघे, मयताचा खर्च भागे, पोराला खोलीत जागा मिळे. गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्यांनी हे केले. त्यांच्या वर्गणीवर आमची पिढी कॉलेजात पोहोचली. आज पगार आमच्या हाती आला, तशी आमची बिऱ्हाडे वस्तीबाहेर गेली. विहाराला फरशी बसविण्यासाठी, मूर्तीसाठी, जयंतीच्या मंडपासाठी आम्ही देणगी पाठवितो आणि पावती जपून ठेवतो. ज्या वस्तीत ते विहार आहे तेथे या महिन्यात कोण आजारी आहे, कोणाच्या पोरीची शाळा सुटली, कोणती विधवा भाडे थकल्यामुळे खोली सोडते आहे, याची नोंद कोणत्या वहीत आहे? १८१७ साली बेथेलमध्ये जमलेले तीन हजार लोक बहुतेक सारे हातावर पोट असलेले होते, आणि मागे राहिलेल्यांना सोडून जायला त्यांनी नकार दिला. आमच्यापुढे जहाज उभे नाही, गृहनिर्माण सोसायटीचा फ्लॅट आहे. प्रश्न तोच आहे.

म्हणून एक साधी सूचना कार्यकर्त्यांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि माझ्या शिक्षक बांधवांपुढे ठेवतो. प्रत्येक विहारात वंदनेच्या पुस्तकाशेजारी एक वही असावी. तिच्यात दर पौर्णिमेला वस्तीतील आजाऱ्यांची, अडलेल्यांची नावे लिहावीत आणि प्रत्येक नावासमोर भेटीला जाणाऱ्या दोघांची. त्यांतला एक पगारदार असावा आणि त्याने स्वतः जावे. वर्गणी भरू न शकणाऱ्याचे नावही त्या वहीत असावे, कारण महावग्गातील तो भिक्खूही काही भरू शकला नव्हता.